लेझर होडी: जुळवणी, पहिली फेरी आणि उलटल्यावर काय करायचं

एकट्याने हाकायची शिडाची होडी शिकायची तर लेझरपासून सुरुवात करणं सोयीचं, कारण तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. एक शीड, दोन तुकड्यांची डोलकाठी, एक बूम (शिडाखालचा आडवा दांडा), सुकाणू, डॅगरबोर्ड (होडीच्या मधून पाण्यात खाली घालायची फळी) आणि पाच-सहा दोऱ्या, संपलं. ब्रूस कर्बी यांनी आखलेली ही होडी १९७१ साली बाजारात आली. २०१९ पासून तिचं अधिकृत नाव आयएलसीए झालं असलं तरी धक्क्यावर अजून सगळे लेझरच म्हणतात. लांबी सुमारे ४.२ मीटर, नुसत्या होडीचं वजन ५९ किलोच्या आसपास. दोघं मिळून उचलता येते, ट्रॉलीवर एकट्यालाही ढकलता येते.

होडी तीच, शीड मात्र तीन मापांत मिळतं: ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटर. त्यांना अनुक्रमे आयएलसीए ४, ६ आणि ७ म्हणतात. माप बदललं की डोलकाठीचा फक्त खालचा तुकडा बदलतो. ढोबळ हिशोब असा: वजन ३५ ते ५५ किलो असेल तर ४, पंचावन्न ते सत्तर असेल तर ६, त्यावर ७. हा हिशोब शर्यतीच्या लोकांसाठी आहे. शिकताना एक माप लहानच घ्या. ऐंशी किलोचा माणूस पहिले दोन महिने ६ वर शिकला तर काही बिघडत नाही. उलट बूम डोक्यावरून जाताना जरा कमी जोरात जातो. लहान शीड म्हणजे कमी प्रतीचं, असंही नाही. हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली नेहा ठाकूरने रौप्यपदक मिळवलं ते आयएलसीए ४ वर.

दहा-बारा वर्षांच्या, चाळीस किलोच्या आतल्या मुलांना मात्र लेझरवर बसवू नका. त्यांच्यासाठी ऑप्टिमिस्ट आहे: २.३६ मीटर लांबीची, चौकोनी नाळेची (म्हणजे पुढच्या टोकाची), पेटीसारखी दिसणारी होडी. दोघांना मिळून जायचं असेल तर क्लबांमध्ये निळ्या शिडाची एंटरप्राइज असते. तिला पुढचं छोटं शीडही असतं आणि शिकवणारा शेजारी बसू शकतो.

एक शब्द आधी पक्का करा

शीट म्हणजे कापड नव्हे. शीट म्हणजे बूमला ओढून धरणारी दोरी. मराठी कानाला शीड आणि शीट जवळजवळ एकच वाटतात, आणि वाऱ्यात तर नक्कीच. शिकवणारा ओरडतो “शीट सोड!”, शिकणारा वर शिडाकडे बघतो, आणि तेवढ्यात होडी आडवी होते. शक्य असेल तर पहिल्या दिवशी सरळ “दोरी सोड” असंच म्हणायचं ठरवून टाका.

ही दोरी हाच तुमचा ब्रेक. ती सोडली की शीड झेंड्यासारखं फडफडतं, जोर निघून जातो, होडी सरळ होते. म्हणून ती कायम हातात हवी. कुठे अडकवून ठेवायची नाही आणि मनगटाला किंवा पंजाला गुंडाळायची तर अजिबात नाही. हात दुखायला लागला की लोक गुंडाळतात; मग वाऱ्याचा झोत आला की सोडायची म्हटली तरी सुटत नाही. हातमोजे घाला आणि कॉकपिटमधला (बसायच्या खोलगट जागेतला) रॅचेट ब्लॉक, म्हणजे दोरीचा ताण पेलणारी खटक्याची कप्पी, चालू आहे ना ते बघा. दोरी ओढताना त्यातून कट-कट आवाज यायला हवा. आवाज येत नसेल तर दोरी उलट्या बाजूने ओवली आहे किंवा खटका बंद आहे, आणि सगळा ताण तुमच्या मुठीवर येतो आहे.

वारा, वेळ, भरती

पहिल्या आठ-दहा फेऱ्यांना ५ ते १० नॉट वारा हवा, म्हणजे ताशी ९ ते १८ किलोमीटर. पाण्यावर लहान लाटा, एखाद-दुसरी पांढरी शेंडी, इतकंच. सगळीकडे पांढऱ्या शेंड्या दिसायला लागल्या तर शीड गुंडाळून ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. ८ नॉटला जमलं म्हणून १६ नॉटला जमेल हा हिशोब तिथेच चुकतो. मोबाइलवर अंदाज बघताना सरासरीचा आकडा सोडा, झोताचा आकडा बघा.

कोकणकिनाऱ्यावर पावसाळा सोडून बाकीच्या काळात दिवसाचा क्रम साधारण ठरलेला असतो. सकाळी मतलई, जमिनीकडून समुद्राकडे. मग तासभर पडल्यासारखं. मग खारे वारे, बहुतेक वायव्येकडून, आणि दुपार चढेल तसे वाढत जाणारे. सकाळचं पाणी आरशासारखं दिसतं म्हणून नवशिक्याला तेव्हाच उतरावंसं वाटतं, आणि धोका नेमका तिथे आहे: मतलई तुम्हाला अलगद बाहेर नेते, किनाऱ्याजवळ तिचा जोर कळत नाही आणि परतताना तिच्याच विरुद्ध यावं लागतं. खारे वारे नुकते धरले आहेत अशी वेळ गाठा. उन्हाळ्यात दोन-तीन वाजल्यानंतरचा वारा नवख्याला पुष्कळदा झेपत नाही.

भरतीसाठी कोळीवाड्यातला हिशोब अजून उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे साडेसातला भरती आणि सव्वासहा तासांनी, पावणेदोनच्या सुमारास ओहोटीचा तळ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा झाला अंदाज. निघण्याआधी त्या बंदराचं छापील वेळापत्रक बघाच. ओहोटीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात जवळजवळ निम्मं पाणी उतरतं आणि खाडीच्या तोंडाशी ओढ सर्वांत जास्त असते. त्या वेळी वारा पडला तर शीड भरलेलं दिसत असूनही होडी मागे जाते. अष्टमीच्या पुढचे एक-दोन दिवस, म्हणजे भांगाचे (भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो ते), शिकायला बरे. उधाणाला मुंबईकडे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो; जिथून उतरलात तिथे परत आल्यावर गुडघाभर चिखल असू शकतो.

धरणाच्या पाण्यात ही भानगड नाही. तिथली अडचण वेगळी: खडकवासल्यासारख्या डोंगरांमधल्या जलाशयात वारा दर पाच मिनिटांनी दिशा बदलतो आणि झोत अचानक येतात. झोत दिसतो मात्र आधी. पाण्यावर गडद, चुरगळलेला पट्टा पुढे सरकत येतो. तो पोचायच्या आत दोरी वीतभर सोडायची तयारी ठेवा. स्वतःची होडी असेल तर जलाशयात उतरवण्याआधी परवानगीचं विचारून घ्या, आणि मासेमारीच्या जाळ्यांचे थर्माकोलचे तुकडे कुठे तरंगताहेत ते काठावरूनच हेरून ठेवा. डॅगरबोर्ड त्यात अडकतो.

अंगावर बॉयन्सी एड (तरंगत ठेवणारं जाकीट) हवं, पट्टे आवळलेलं. दुसऱ्याने खांद्यांशी धरून वर ओढून बघावं. ते कानापर्यंत आलं तर ढिलं आहे. पायात जुने बूट, कारण खडकांवरची कालवं तळवा उघडा फाडतात. शिट्टी, पाण्याची बाटली बांधून, पूर्ण बाह्यांचा शर्ट. आणि किनाऱ्यावर एक माणूस, ज्याला तुमची परतायची वेळ माहीत आहे.

जुळवणी

होडीची नाळ वाऱ्याकडे करून ठेवा. सगळी जुळवणी होईपर्यंत ती तशीच राहिली पाहिजे. थोडी जरी फिरली तरी शीड भरतं आणि होडी ट्रॉलीसकट पडते.

सर्वांत आधी मागच्या फळीवरचं बूच लावा. हेच सर्वांत जास्त विसरलं जातं. बूच नसलं तरी होडी लगेच बुडत नाही, म्हणून लक्षात येत नाही. अर्ध्या तासाने ती जड लागायला लागते, वळायला कुरकुरते, आणि मग कळतं.

नंतर डेकवरची डोलकाठीची खोबण. आत बोट घालून वाळू आहे का बघा, असली तर पाण्याने धुऊन काढा. अडकलेली वाळू पॉलिश पेपरसारखी काम करते: डोलकाठी फिरत राहते आणि खोबणीचा तळ झिजतो. महिन्यातून एकदा खोबण काठोकाठ पाण्याने भरून दहा मिनिटं थांबा. पातळी खाली गेली तर पाणी होडीच्या पोटात जातं आहे. अशा होडीवर जोराच्या वाऱ्यात जाऊ नका, कारण खोबण निखळली की डेक फाडूनच निघते.

डोलकाठीचे दोन तुकडे एकमेकांत घट्ट बसवा. वरचा तुकडा अधूनमधून सपाट फरशीवर लोळवून बघा. वाकला असेल तर तो डुगडुगत जातो. लेझरला शीड वर चढवायची दोरीच नसते. शिडाच्या पुढच्या कडेला लांब मोज्यासारखी बाही असते, ती डोलकाठीवर चढवायची. शिडातल्या तीन पट्ट्या पातळ टोक आत ठेवून खिशांत सरकवा. उलटी पट्टी घातली तर शिडाला मध्येच घडी पडते.

आता शिडासकट डोलकाठी उभी करून खोबणीत सोडायची. एकट्याने करताना पाठ वाऱ्याकडे ठेवा आणि काठी अगदी उभी झाल्यावरच खाली सोडा. तिरपी कोंबली तर खोबणीची कड तडकते. वर विजेच्या तारा नाहीत ना, हे आधी बघायचं. डोलकाठी ॲल्युमिनियमची आहे.

मग बूम. त्याचं पुढचं टोक डोलकाठीच्या खिळीवर बसतं. मागच्या टोकाला शिडाचा कोपरा दोन दोऱ्यांनी बांधतात: एक मागे ओढणारी आउटहॉल, दुसरी कोपरा बूमला चिकटून ठेवणारी, बूमभोवती वेढा घातलेली. दुसरी सैल राहिली तर पहिलीचा काही उपयोग नाही. कोपरा दोन बोटांपेक्षा जास्त वर उचलला जाऊ नये. आउटहॉल इतकी ओढा की बूमच्या मध्यावर शिडाची खालची कड आणि बूम यांत वीतभर फट राहील. वारा वाढला की तीच चार बोटांवर आणा. शीड सपाट होतं, जोर कमी होतो.

व्हँग म्हणजे बूमला खाली धरणारी कप्पीची जोडणी. ती लावा, पण किनाऱ्यावर ढिलीच ठेवा. डोलकाठीजवळ शीड खाली ओढणारी कनिंगहॅम दोरी नुसती हाताने सुरकुत्या जाईपर्यंत. होडी उलटल्यावर डोलकाठी खोबणीतून निसटू नये म्हणून ती डेकवरच्या कडीला एका दोरीने बांधायची. ही दोरी कंटाळा करून टाळू नका. काठी निसटली तर पाण्यात ती परत बसवणं एकट्याला जवळपास अशक्य आहे.

मागे सुकाणू. दोन्ही खिळ्या बसल्यावर होडीवरची पत्र्याची स्प्रिंग टक्क करून बाहेर आली पाहिजे, नाहीतर उलटल्यावर सुकाणू तळाला. ट्रॅव्हलर ही मागे आडवी बांधलेली दोरी. टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, तिच्या खालून गेला पाहिजे. वरून घातला तर होडी वळणारच नाही. ट्रॅव्हलर तारेसारखी ताठ बांधा, सैल असली की तिची कप्पी वळताना टिलरला अडकते.

शेवटी शीट, साधारण १३ मीटर. एक टोक बूमच्या मागच्या कप्पीखालच्या कडीला बांधा. तिथून खाली ट्रॅव्हलरच्या कप्पीतून, परत वर बूमच्या मागच्या कप्पीतून, बूमला समांतर पुढे पट्टीतून, बूमच्या मधल्या कप्पीतून खाली, रॅचेट ब्लॉकमधून हातात. मोकळ्या टोकाला आठाच्या आकड्याची गाठ मारा, म्हणजे हातातून सुटली तरी पूर्ण निघून जाणार नाही.

पाण्यात उतरताना

कंबरभर पाण्यात, नाळ वाऱ्याकडे, होडी नाळेजवळ धरलेली. डॅगरबोर्डची गोलसर कड पुढे आणि पातळ कड मागे. तो अर्धाच खाली घाला आणि त्याची रबरी दोरी नाळेच्या कडीला अडकवा. होडी पूर्ण उलटल्यावर बोर्ड खोबणीतून सुटून जाऊ नये, हे तिचं काम. सुकाण्याचं पातं खोल पाणी मिळताच पूर्ण खाली करा आणि त्याची दोरी आवळा. अर्धवट उचललेल्या पात्याने टिलर इतका जड होतो की दोन्ही हात लागतात. पहिल्या दिवशी “होडी ऐकतच नाही” ही तक्रार निम्म्या वेळा एवढ्यामुळेच असते.

वाऱ्याकडच्या बाजूला बसा, कॉकपिटच्या पुढच्या अंगाला, शिडाकडे तोंड करून. मागच्या हातात टिलरची लांब काठी, माईक धरावा तशी छातीसमोर. पुढच्या हातात शीट. टिलर ज्या बाजूला ढकलाल त्याच्या उलट होडी वळते. शिडाकडे ढकलला की नाळ वाऱ्याकडे जाते, स्वतःकडे ओढला की वाऱ्यापासून दूर.

वारा नेमका बाजूने येईल अशी दिशा धरा आणि समोर एक खूण ठरवा. शीट पूर्ण सोडा, मग हळूहळू ओढा. डोलकाठीजवळची फडफड जिथे थांबते तिथेच थांबा. लोक आणखी ओढतात, कारण ताठ शीड जोरदार वाटतं. प्रत्यक्षात होडी कलते, घसरते आणि मंदावते. दर मिनिटाला थोडी सोडून बघा: फडफडली तर परत तेवढीच ओढा. पहिली दोन सत्रं दोन खुणांमध्ये हे जाणं-येणंच करा. आणि होडी सपाट ठेवा. कललेली लेझर आपोआप वाऱ्याकडे वळते. टिलरशी झोंबण्यापेक्षा दोरी थोडी सोडून अंग बाहेर टाकलं की काम होतं.

वाऱ्याच्या थेट तोंडावर शिडाची होडी जात नाही. दोन्ही बाजूंना सुमारे ४५ अंश सोडावे लागतात, म्हणून नागमोडी जायचं. प्रत्येक वळण म्हणजे टॅक: वेग असताना टिलर सावकाश शिडाकडे ढकला, डोकं खाली, तोंड पुढे ठेवूनच पलीकडच्या बाजूला जा, बसल्यावर पाठीमागे हात बदला. टिलर झटकन पूर्ण ढकलला तर सुकाणू ब्रेकसारखं काम करतं आणि होडी मध्येच वाऱ्याला तोंड देऊन अडकते. अडकली तर बूम आणि टिलर दोन्ही एकाच बाजूला ढकलून धरा. होडी मागे सरकत वळेल. वळली की दोन्ही स्वतःकडे ओढा.

वारा पाठीमागून घेऊन वळणं, म्हणजे जाईब, ही अवघड बाब. बूम एका क्षणात इकडून तिकडे जातो आणि लेझरमध्ये शीटचा सैल वेढा मागच्या कोपऱ्यात अडकण्याची खोड आहे. अडकला की होडी गर्रकन फिरते आणि उलटते. बूम निघाला की शीटला एक जोरदार हिसका द्यायचा, वेढा हवेत उचलला जातो. डॅगरबोर्ड फार वर असेल तर बूम किंवा व्हँग त्याला आदळते, म्हणून अर्ध्याच्या वर उचलू नका. वारा जास्त वाटला तर जाईब करूच नका. वाऱ्याकडून उलटा फेरा घेऊन टॅक करा. कुणी हसलं तर हसू दे.

उलटल्यावर

पहिल्याच दिवशी, कमी वाऱ्यात, छातीपेक्षा बऱ्याच खोल पाण्यात मुद्दाम उलटवून बघा. मात्र चिखलाचा तळ जवळ नको. डोलकाठीचं टोक चिखलात रुतलं आणि कुणी झटका दिला तर काठी वाकते. रुतलीच तर डॅगरबोर्डवर बसून सावकाश, सतत भार द्या. हलली नाही तर मोटारबोट बोलवा.

पडताना बूमला लटकू नका, तुमच्या वजनाने होडी पूर्ण पालथी होते. पाण्यात गेलात की शीट सोडा, पण होडीचा हात सोडू नका. शीट कुठे अडकली नाही ना बघा. अडकलेल्या शीटसकट सरळ केलेली होडी तुमच्याशिवाय निघून जाते किंवा दुसऱ्या बाजूला पडते. पोहत डॅगरबोर्डपाशी या. तो आत सरकला असेल तर पूर्ण बाहेर ओढा. बोर्डच्या मुळाशी, होडीच्या अंगालगत पाय ठेवून चढा, टोकावर उभं राहिलात तर बोर्ड मोडतो. डेकची कड धरून मागे झुका आणि थांबा. शिडातलं पाणी निथळायला पाच-दहा सेकंद लागतात.

शीड वाऱ्याकडच्या बाजूला पडलं असेल तर उचलताच वारा खालून शिरतो आणि होडी तुमच्या अंगावर उलटते. अशा वेळी घाई करू नका. नाळेला धरून तरंगत राहिलात की होडी हळूहळू वाऱ्याला तोंड देते, मग सरळ करा. पूर्ण पालथी असेल तर कडेवर उभं राहून बोर्ड दोन्ही हातांनी ओढायचा. ती आधी आडवी होते, मग पुढचं तेच. सरळ झाल्यावर बाजूने, कॉकपिटच्या मधून, पोटावर घसरत चढा. आतलं पाणी होडी चालू लागली की तळाच्या छिद्रातून आपोआप निघतं.

तीन प्रयत्नांत जमलं नाही तर दमलेला माणूस चौथ्यांदा करू शकत नाही. होडीवर पडून राहा, शिट्टी वाजवा, हात खाली-वर हलवा. किनारा शंभर मीटरवर दिसला तरी होडी सोडून पोहत जायचं नाही. पांढरी होडी लांबून दिसते, डोकं दिसत नाही.

परत आल्यावर

उतरण्याच्या जागी येण्याआधी व्हँग ढिली करा, नाळ वाऱ्याकडे वळवा, डॅगरबोर्ड अर्धा वर घ्या आणि कंबरभर पाण्यात वाऱ्याकडच्या बाजूने उतरा. होडीच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये उभं राहू नका, लाटेने ती पायावर येते. शीड लगेच काढा. नुसतं फडफडत ठेवलेलं शीड वापरलेल्या शिडापेक्षा लवकर मरतं. गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, घडी न घालता गुंडाळा. डोलकाठीचे तुकडे त्याच दिवशी वेगळे करा, खारं पाणी आत राहिलं तर ते एकमेकांत धरतात आणि मग दोघांनी पिळूनही निघत नाहीत. बूच काढून होडी मागे कलती ठेवा. पेलाभर पाणी निघालं तर चालेल, बादलीभर निघालं तर गळती शोधायला हवी: जोडांवर साबणाचं पाणी लावा आणि बुचाच्या भोकातून तोंडाने फुंका. पंप लावू नका, त्याच्या दाबाने चांगले जोडही उकलतात. जिथे फुगे येतील तिथे खडूने खूण करा.